शमुवेल (नाव)

शमुवेल (हिब्रू उच्चार: श्मुएल) हे हिब्रू भाषेतील एक प्राचीन व पारंपरिक पुरुषनाम आहे. हिब्रू बायबलमधील संदेष्टा शमुवेल याच्यामुळे हे नाव ज्यू समाजात रूढ झाले आणि पुढे ख्रिस्ती व अरबी परंपरांतून जगाच्या मोठ्या भागात पोहोचले. इंग्रजीतील सॅम्युअल हे याच नावाचे रूप आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजात हेच नाव सामाजी या मराठी वळणाच्या रूपात प्रचलित होते.

नावांच्या कोशांतून शमुवेल या नावाचा अर्थ बहुधा "देवाने ऐकले" असा एकच दिला जातो. प्रत्यक्षात या नावाची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. बायबलमधील कथा त्याचा संबंध "मागणे" या क्रियापदाशी जोडते, शब्दाची घडण "नाव" या नामाकडे निर्देश करते, तर लोकप्रिय अर्थ "ऐकणे" या क्रियापदावर आधारलेला आहे. परंपरेने या तीनही अर्थांचा स्वीकार केला असून नावाचा वारसा समजून घेण्यासाठी तीनही विचारात घ्यावे लागतात.

रूप आणि उच्चार

हिब्रू लिपीत हे नाव शिन, मेम, वाव, आलेफ आणि लामेद या पाच अक्षरांनी लिहिले जाते. हिब्रू अक्षरांना अंकमूल्ये असतात. त्यांनुसार या नावाची बेरीज (३०० + ४० + ६ + १ + ३०) ३७७ होते. नावातील पहिले व्यंजन "श" असून त्यावर पूर्ण स्वर नाही, त्यामुळे आधुनिक हिब्रूत "श्मुएल" असा जोडाक्षरी उच्चार होतो. शेवटचा "एल" हा घटक देववाचक आहे. दानिएल, गब्रिएल, मिखाएल, इस्राएल इत्यादी नावांतही तो आढळतो.

ग्रीक भाषेत "श" हा ध्वनी नाही. त्यामुळे हिब्रू बायबलच्या सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे नाव "सामुएल" असे झाले. ग्रीकमधून ते लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून पश्चिम युरोपातील भाषांमध्ये गेले. इंग्रजी सॅम्युअलमधील "स" याच मार्गाने आलेला आहे. मराठी बायबलमध्ये मात्र मूळ हिब्रूतील "श" राखून "शमुवेल" असे रूप योजलेले आहे. त्यामुळे मराठीत बायबलमधील व्यक्तीसाठी शमुवेल आणि इंग्रजी किंवा अमेरिकन व्यक्तींसाठी सॅम्युअल अशी दोन रूपे शेजारी शेजारी वापरली जातात; नाव मात्र एकच आहे.

व्युत्पत्ती

बायबलमधील स्पष्टीकरण

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नामकरणाची कथा येते. एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या एलकाना याला हन्ना आणि पनिन्ना अशा दोन पत्नी होत्या. पनिन्नेला मुले होती, हन्ना निपुत्रिक होती. दरवर्षी हे कुटुंब शिलो येथील मंदिरात यज्ञ करण्यासाठी जात असे आणि त्या वेळी पनिन्ना हन्नेला टोचून बोलत असे. एका वर्षी हन्नेने मंदिरात रडत प्रार्थना केली आणि पुत्र झाल्यास तो आयुष्यभरासाठी देवाला अर्पण करीन, असा नवस केला. यथाकाल तिला मुलगा झाला. त्याला आपण देवाकडे मागून घेतले, असे कारण सांगून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले.

येथे एक भाषिक अडचण उद्भवते. "मागणे" या अर्थाचा हिब्रू धातू शिन–आलेफ–लामेद असा आहे. या धातूपासून "शाऊल" म्हणजे "मागितलेला" हा शब्द बनतो. इस्राएलचा पहिला राजा शौल याचे नाव हेच आहे. कथेत हा धातू वारंवार येतो आणि अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाविषयी बोलताना नेमका "शाऊल" हाच शब्द वापरते. म्हणजे कथेत दिलेले कारण शमुवेल या नावापेक्षा शौल या नावाला अधिक नेमके लागू पडते.

या विसंगतीची वेगवेगळी उत्तरे देण्यात आली आहेत. मध्ययुगीन ज्यू भाष्यपरंपरेत शमुवेल हे नाव "शाऊल मे-एल" म्हणजे "देवाकडून मागितलेला" या शब्दांचा संक्षेप मानले गेले. शाऊल या शब्दातील चारही अक्षरे शमुवेल या नावात आहेत. केवळ मेम हे अक्षर अधिक आहे आणि "मे" म्हणजे "पासून" या शब्दयोगी घटकाने ते भरून निघते. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींनी ही जन्मकथा मुळात राजा शौलाची असावी आणि नंतर ती शमुवेलाशी जोडली गेली असावी, असे मत मांडले. इतर अभ्यासकांच्या मते बायबलमधील नामकथा या व्युत्पत्तिशास्त्राच्या अंगाने रचलेल्या नसून ध्वनिसाम्यावर आधारलेल्या असतात. शिवाय पुढे शमुवेलच शौलाला राजा म्हणून अभिषेक करतो; त्यामुळे "मागितलेला" या शब्दाचा खेळ पुढील कथेची पूर्वसूचना म्हणून हेतुपुरस्सर योजलेला असू शकतो. लोकांनी शमुवेलाकडे राजा "मागितला" आणि त्यांना "मागितलेला" हेच नाव असलेला राजा मिळाला, हा दुवा या मताच्या पुष्ट्यर्थ दाखवला जातो.

"नाव" या शब्दापासून

शब्दाच्या घडणीचा विचार करता "शेम" (नाव) आणि "एल" (देव) या दोन घटकांपासून शमुवेल हे नाव बनले, हे मत भाषाशास्त्रीयदृष्ट्या अधिक भक्कम मानले जाते. या दोन घटकांमधील "उ" हा स्वर प्राचीन सेमिटिक भाषांतील विभक्तिप्रत्ययाचा अवशेष समजला जातो. पनुएल (देवाचे मुख) या बायबलमधील स्थलनामातही असाच "उ" दिसतो. या व्युत्पत्तीनुसार नावाचा अर्थ "देवाचे नाव" किंवा "त्याचे नाव एल आहे" असा होतो.

प्राचीन पश्चिम आशियातील अमोराइट व्यक्तिनामांत याला समांतर उदाहरणे सापडतात. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशातील पहिल्या दोन राजांची नावे सुमु-अबुम आणि सुमु-ला-एल अशी होती. त्यांतील "सुमु" हा घटक "नाव" या अर्थाचा असून तो हिब्रूतील "शेम" या शब्दाचा सगोत्र आहे. यावरून "नाव" आणि "देव" हे घटक जोडून व्यक्तिनाम बनवण्याची प्रथा बायबलमधील शमुवेलाच्या कितीतरी शतके आधीपासून त्या प्रदेशात होती, असे दिसते.

"ऐकणे" या क्रियापदापासून

"देवाने ऐकले" हा सर्वाधिक प्रचलित अर्थ "शामा" (ऐकणे) या क्रियापदावर आधारलेला आहे. हन्नेची प्रार्थना ऐकली गेली, या कथासूत्राशी तो सुंदर जुळतो. परंतु या क्रियापदाच्या धातूत शिन आणि मेम यांनंतर आयिन हे अक्षर असते आणि शमुवेल या नावात आयिन नाही. याच क्रियापदापासून बनलेल्या इश्माएल ("देव ऐकतो") आणि शिमोन या नावांत आयिन टिकून आहे. त्यामुळे शमुवेल या नावातून ते अक्षर गळून पडले, असे गृहीत धरल्याशिवाय ही व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

तरीही हा अर्थ निराधार म्हणून सोडून देता येत नाही, कारण शमुवेलाच्या चरित्रकथेत "ऐकणे" हे क्रियापद मध्यवर्ती आहे. बालपणी रात्री देवाची हाक आल्यावर आपण ऐकत आहोत, असे उत्तर तो देतो. लोक राजा मागतात तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकण्याची आज्ञा त्याला होते. पुढे शौलाने आज्ञा मोडली असता यज्ञ करण्यापेक्षा देवाचे ऐकणे श्रेष्ठ आहे, असे तो राजाला सुनावतो. या तीनही प्रसंगांत मूळ हिब्रूत हेच क्रियापद आहे. लोकव्युत्पत्तीला कथेतूनच असा आधार मिळालेला आहे.

बायबलमधील नामधारक

संदेष्टा शमुवेल

शमुवेल हा इस्राएलच्या शास्त्यांपैकी शेवटचा आणि राजसत्तेच्या स्थापनेच्या काळातील संदेष्टा मानला जातो. दूध तुटल्यावर हन्नेने त्याला शिलो येथील याजक एली याच्या स्वाधीन केले. दरवर्षी यज्ञासाठी येताना ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून आणत असे, असा उल्लेख बायबलमध्ये आहे. एका रात्री देवाने त्याला नावाने हाक मारली. एलीच बोलावत आहे, असे समजून तो तीन वेळा एलीकडे धावत गेला. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात खरा प्रकार आला आणि त्याने मुलाला पुन्हा हाक आल्यास काय उत्तर द्यावे ते शिकवले.

प्रौढपणी शमुवेल रामा येथे राहून बेथेल, गिलगाल आणि मिस्पा या ठिकाणी दरवर्षी फिरतीवर जाऊन न्यायनिवाडा करीत असे. त्याच्या योएल व अबीया या मुलांनी मात्र लाच घेऊन न्याय विकला. त्यामुळे लोकांनी इतर राष्ट्रांप्रमाणे आपल्यालाही राजा हवा, अशी मागणी केली. राजा लोकांची मुले सैन्यात ओढील, शेते व द्राक्षमळे घेईल आणि उत्पन्नाचा दशांश वसूल करील, असा इशारा शमुवेलाने दिला. लोकांनी तो मानला नाही. त्याने प्रथम बन्यामीन वंशातील शौलाचा आणि नंतर बेथलेहेम येथील इशायाचा धाकटा मुलगा दावीद याचा अभिषेक केला. शमुवेलाला रामा येथे पुरण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर शौलाने एन-दोर येथील एका स्त्रीकरवी त्याच्या आत्म्याला बोलावल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या प्रसंगी आलेली आकृती झग्यात वेढलेली असल्याचे ऐकून शौल त्याला ओळखतो. आईने शिवलेल्या झग्यासाठी वापरलेलाच हिब्रू शब्द तेथे पुन्हा येतो.

बायबलमधील इतर ग्रंथांतही शमुवेलाचे स्थान मोठे आहे. स्तोत्रसंहितेतील ९९ व्या स्तोत्रात तसेच यिर्मयाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख मोशेच्या बरोबरीने येतो. एलकानाचे कुटुंब एफ्राइम प्रदेशातील असले तरी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील वंशावळीत शमुवेलाची गणना लेवी वंशात केलेली आहे.

शमुवेलाची दोन पुस्तके हिब्रू परंपरेत मुळात एकच पुस्तक होते. सेप्टुअजिंटमध्ये त्याचे दोन भाग झाले आणि सोळाव्या शतकात छापील हिब्रू बायबलमध्येही ही विभागणी रूढ झाली. तालमूदमध्ये या पुस्तकाचे, तसेच शास्ते आणि रूथ या पुस्तकांचे लेखन शमुवेलाने केले, अशी परंपरा नोंदवलेली आहे. शमुवेलाचा मृत्यू पुस्तकाच्या मध्यावरच येत असल्याने उरलेला भाग इतर संदेष्ट्यांनी पूर्ण केला, असे मानले जाते.

समान नावाच्या इतर व्यक्ती

हिब्रू बायबलमध्ये या नावाच्या आणखी दोन व्यक्ती आढळतात. गणनेच्या पुस्तकात कनान देशाची वाटणी करण्यासाठी नेमलेल्या सरदारांत शिमोन वंशाचा प्रतिनिधी म्हणून अम्मीहूदाचा मुलगा शमुवेल याचे नाव आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात इस्साखार वंशातील तोला याच्या मुलांतही एक शमुवेल आहे. यावरून हे नाव केवळ संदेष्ट्याच्या जन्मकथेसाठी घडवलेले नव्हते, तर इस्राएली वंशांमध्ये वापरातील नाव होते, असे अनुमान काढले जाते.

ज्यू धार्मिक परंपरेतील स्थान

रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हन्नेच्या प्रार्थनेची आणि शमुवेलाच्या जन्माची कथा वाचली जाते. त्यामुळे या नावामागील कथा ज्यू समाजात दरवर्षी सार्वजनिकरीत्या ऐकली जाते. हन्नेचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एलीने तिला मद्यधुंद समजले, हा कथेतील तपशील धार्मिक आचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. तालमूदमधील बराखोत या ग्रंथात यावरून प्रार्थनेचे नियम काढलेले आहेत: प्रार्थना मन एकाग्र करून करावी, शब्द ओठांनी उच्चारावेत, परंतु आवाज चढवू नये.

ज्यू प्रथेनुसार मुलाचे नामकरण जन्मानंतर आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत होते. धार्मिक प्रसंगी हे नाव वडिलांच्या नावासह घेतले जाते, उदाहरणार्थ "श्मुएल बेन येहेझकेल" म्हणजे "येहेझकेलचा मुलगा श्मुएल". तोरा वाचनासाठी बोलावताना, विवाहकरारात आणि थडग्यावरील लेखात याच रूपाचा वापर होतो. अश्केनाझी ज्यूंमध्ये मुलाला दिवंगत नातलगाचे नाव देण्याची, तर सेफार्दी ज्यूंमध्ये हयात आजोबांचे नाव देण्याचीही प्रथा आहे. त्यामुळे शमुवेल हे नाव अनेक घराण्यांत पिढ्यान्पिढ्या टिकून राहिले.

जेरुसलेमच्या वायव्येस असलेल्या नबी सामविल या टेकडीवर शमुवेलाची कबर असल्याची परंपरा आहे. तेथील इमारतीत मशीद असून खालच्या भागातील कबरस्थानी ज्यू भाविक प्रार्थना करतात. ज्यू पंचांगातील इय्यार महिन्याची २८ तारीख शमुवेलाची पुण्यतिथी मानली जाते आणि त्या दिवशी येथे यात्रा भरते. तालमूदमधील परंपरेनुसार मृत्युसमयी त्याचे वय ५२ वर्षे होते.

ज्यू इतिहासातील उल्लेखनीय नामधारक

तिसऱ्या शतकात बाबिलोनियातील नेहार्देआ येथे होऊन गेलेले मार श्मुएल हे तालमूदमधील प्रमुख आचार्यांपैकी एक होत. ते वैद्य आणि खगोलज्ञ म्हणूनही प्रसिद्ध होते. देशाचा कायदा हा ज्यूंसाठीही कायदाच होय, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व परक्या राज्यांत राहणाऱ्या ज्यू समाजांच्या कायदेशीर जीवनाचा पाया ठरले.

अकराव्या शतकात स्पेनमधील ग्रानादा येथे श्मुएल हानागिद हे मुस्लिम राजाचे वजीर झाले. ते हिब्रू भाषेतील थोर कवी आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक होते. अरबी साधनांत त्यांचा उल्लेख इस्माईल इब्न नग्रेला असाही येतो. फ्रान्समध्ये राशी या भाष्यकाराचे नातू श्मुएल बेन मेइर यांनी बायबलच्या शब्दशः अर्थावर भर देणारे भाष्य लिहिले. श्मुएल इब्न तिब्बोन यांनी मायमोनिडीस यांच्या "संभ्रमितांचा मार्गदर्शक" या ग्रंथाचे अरबीतून हिब्रूत भाषांतर केले, ते इ.स. १२०४ मध्ये पूर्ण झाले.

आधुनिक काळात कथाकार श्मुएल योसेफ आग्नोन यांना इ.स. १९६६ मध्ये नेली झाक्स यांच्यासह साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिब्रू साहित्यिकाला मिळालेले ते पहिले नोबेल पारितोषिक होते.

ख्रिस्ती परंपरा

ख्रिस्ती परंपरेत शमुवेल हा संत मानला जातो; २० ऑगस्ट हा त्याचा स्मृतिदिन आहे. नव्या करारातील लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया हिने गायलेल्या स्तोत्रावर हन्नेच्या स्तोत्राची स्पष्ट छाया आहे.

हे नाव धर्मश्रद्धेची खूण म्हणून स्वीकारल्याचे एक प्राचीन उदाहरण इतिहासकार युसेबियस याने नोंदवले आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन साम्राज्यातील छळाच्या काळात कैसरिया येथे पाच इजिप्शियन ख्रिस्ती व्यक्तींना पकडण्यात आले. चौकशीत त्यांनी आपली नावे एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल आणि दानिएल अशी सांगितली. जन्मतः मिळालेली, मूर्तिपूजक देवतांशी निगडित नावे टाकून त्यांनी संदेष्ट्यांची नावे धारण केली होती. त्या पाचही जणांना देहदंड झाला.

मध्ययुगात पूर्व युरोपात हे नाव राजघराण्यांतही आढळते. बल्गेरियाचा झार सामुइल (राज्यकाळ ९९७–१०१४) आणि त्याचे बंधू डेव्हिड, मोझेस व आरोन या चौघांची नावे जुन्या करारातील होती. हंगेरीत अकराव्या शतकात शामुएल आबा हा राजा होऊन गेला.

पश्चिम युरोपात मात्र मध्ययुगात ख्रिस्ती संतांची नावे अधिक प्रचलित होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट पंथीयांनी संतांच्या नावांऐवजी जुन्या करारातील नावे निवडण्यास सुरुवात केली. इंग्लंडमधील प्युरिटन आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये गेलेले वसाहतकार यांच्यात सॅम्युअल हे नाव विशेष लोकप्रिय झाले. दैनंदिनीकार सॅम्युअल पेपिस (१६३३–१७०३), कोशकार सॅम्युअल जॉन्सन (१७०९–१७८४), होमिओपॅथीचे जनक सामुएल हानेमान (१७५५–१८४३), तारयंत्राच्या विकासातील अग्रणी सॅम्युअल मोर्स (१७९१–१८७२) आणि इ.स. १९६९ चे नोबेल पारितोषिक विजेते साहित्यिक सॅम्युअल बेकेट (१९०६–१९८९) हे या नावाचे सुपरिचित धारक होत. अमेरिकेचे प्रतीक असलेल्या "अंकल सॅम" या व्यक्तिरेखेचे नाव न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील मांसव्यापारी सॅम्युअल विल्सन यांच्यावरून पडले, अशी परंपरा आहे.

अरबी आणि इस्लामी परंपरा

कुराणातील दुसऱ्या सूरेत इस्राएल लोकांनी आपल्या एका संदेष्ट्याकडे राजा मागितल्याचा आणि तालूत (शौल) याची राजा म्हणून नेमणूक झाल्याचा वृत्तांत आहे. तेथे संदेष्ट्याचे नाव दिलेले नाही. अनेक मुस्लिम भाष्यकारांनी तो शमवील किंवा इश्मवील म्हणजेच शमुवेल असल्याचे सांगितले आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात हे नाव सामवाल या रूपात प्रचलित होते. सहाव्या शतकातील ज्यू अरबी कवी अस-सामवाल इब्न आदिया हा तैमा येथील अल-अब्लक किल्ल्याचा स्वामी होता. इम्रुल कैस या कवीने त्याच्याकडे चिलखते ठेव म्हणून दिली होती. वेढा घालणाऱ्या शत्रूने त्याच्या मुलाला पकडून ती ठेव मागितली असता त्याने ती दिली नाही आणि डोळ्यांदेखत मुलाचा वध होऊ दिला, अशी आख्यायिका आहे. यावरून "सामवालपेक्षाही विश्वासू" ही म्हण अरबी भाषेत रूढ झाली. बाराव्या शतकातील बीजगणितज्ञ अस-सामवाल अल-मगरिबी यांचेही नाव हेच होते.

बेने इस्रायल समाजातील रूप

कोकणातील कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात वसलेल्या बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजाने तेलघाण्याचा व्यवसाय केला आणि शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे हे लोक "शनिवार तेली" म्हणून ओळखले गेले. त्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली आहेत. पुरुषांची नावे हिब्रूच राहिली, परंतु त्यांना मराठी वळण मिळाले आणि शेवटी "जी" हा आदरार्थी प्रत्यय लागला. अब्राहमचे आबाजी, इसहाकचे इसाजी, मोशेचे मुसाजी, दावीदचे दाऊदजी, येहेझकेलचे हसाजी आणि शमुवेलचे सामाजी झाले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावावरून पडलेले आडनाव ही मांडणीही महाराष्ट्रातील इतर समाजांसारखीच होती.

या नावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युअल एझेकिएल दिवेकर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडल्यावर सुटका झाल्यास सभास्थान बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, अशी समाजातील परंपरा आहे. त्यांनी इ.स. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधलेले शार हाराहमीम ("दयेचे द्वार") हे मुंबईतील पहिले ज्यू सभास्थान होय. बेने इस्रायली सभास्थानाला "मशीद" म्हणत. जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगितले जाते. त्या भागातील सॅम्युअल स्ट्रीट या रस्त्याचे नावही दिवेकरांशी जोडले जाते.

एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यू शिक्षकांशी वाढलेला संपर्क, मिशनऱ्यांच्या शाळांतील हिब्रू व इंग्रजीचे शिक्षण आणि मराठीत झालेली धर्मग्रंथांची भाषांतरे यांमुळे जुनी "जी"कारान्त रूपे मागे पडली. सामाजीच्या जागी सॅम्युअल हे इंग्रजी रूप आले. पुष्कळ कुटुंबांनी गावावरून पडलेले आडनाव सोडून वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव म्हणून वापरण्यास सुरुवात केली; त्यातून सॅम्युअल हे आडनावही निर्माण झाले. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांच्या नावात ते वडिलांचे नाव म्हणून आढळते. इ.स. १९४८ नंतर इस्रायलला स्थलांतरित झालेल्या कुटुंबांत श्मुएल हे मूळ हिब्रू रूप पुन्हा वापरात आले. अशा रीतीने एकाच समाजात हे नाव सामाजी, सॅम्युअल आणि श्मुएल या तीन रूपांतून गेलेले दिसते.

विविध भाषांतील रूपे

हिब्रू: श्मुएल, लघुरूपे श्मुलिक, मुली
यिडिश: श्मुएल, श्मिएल, झानव्हिल
ग्रीक: सामुएल (सेप्टुअजिंटमधील रूप)
अरबी: सामवाल, सामविल, शमवील
इंग्रजी: सॅम्युअल, लघुरूपे सॅम, सॅमी
इटालियन: सामुएले
रशियन व बल्गेरियन: सामुइल
हंगेरियन: शामुएल
फिनिश: सामुएल, सामुली
आर्मेनियन: सामवेल
हवाईयन: कामुएला
मल्याळम: शमूवेल
तमिळ: सामुवेल
मराठी: शमुवेल (बायबलमध्ये), सामाजी (बेने इस्रायल), सॅम्युअल (इंग्रजीवरून)

यिडिश भाषक ज्यूंमध्ये "श्मुएल झानव्हिल" असे जोडनाव ठेवण्याची प्रथा होती. त्यातील झानव्हिल हे शमुवेलचेच बोलीतील रूप असल्याने अशा जोडनावात एकच नाव दोनदा येते: एकदा धार्मिक उपयोगासाठी आणि एकदा व्यवहारासाठी.

आडनावे

शमुवेल या नावापासून अनेक आडनावे बनली आहेत. इंग्रजीत सॅम्युअल, सॅम्युअल्स व सॅम्युअलसन, तर हिब्रूत श्मुएली ही त्यांतील प्रमुख होत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन (१९१५–२००९) यांना इ.स. १९७० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केरळ आणि तमिळनाडूतील ख्रिस्ती समाजात वडिलांचे नाव आपल्या नावापुढे लावण्याच्या प्रथेमुळे सॅम्युअल हे नाव आडनावाप्रमाणेही वापरले जाते.

हेही पहा

शमुवेलाचे पहिले पुस्तक
हन्ना (बायबल)
शौल
दावीद
बेने इस्रायल
हिब्रू भाषा